हवेतला क्लच

"पुन्हा दाबा, काका."

ड्रायव्हर शिवाने डावा पाय क्लचवर टेकवला आणि दाबला. कट्ट.

"आला ना? आला ना आवाज?" शिवा म्हणाला. "मी काय येडा हाय? पंधरा दिवस बोंबलतोय, क्लच वाजतो, क्लच वाजतो. शेठला वाटतं मी नाटकं करतो."

मिथुन मेकॅनिक तोंडात बॅटरी धरून त्याच्या पायाशी अंग चोरून आडवा झाला होता. कंपनीच्या माणसांची ने-आण करणारी ही बस रामवाडीतल्या त्याच्या गॅरेजात पंधरवड्यात तिसऱ्यांदा आली होती. पहिल्यांदा त्याने पेडलला ग्रीस भरलं. दुसऱ्यांदा बुश बदलली. दोन्ही वेळा बस रोह्याला माणसं सोडून पेणला परत आली, ती आवाज घेऊनच. आता बसच्या मालकाने, शेठने, फोनवर स्पष्टच सांगितलं होतं, आज काय ते शोधा, नाहीतर गॅरेज बदलतो. दीड वाजता दुसऱ्या शिफ्टची माणसं घेऊन निघायचं होतं आणि बारा तर कधीच वाजून गेले होते.

मिथुनने स्प्रिंग काढली. कट्ट. वैतागून त्याने पेडलचा रॉडच सोडवला. आता पेडल कशालाच जोडलेलं नव्हतं, नुसतं लोंबकळत होतं.

"दाबा."

कट्ट.

"आयला! भूतबित बसलंय काय यात?" मिथुन उठला. "उतरा जरा. मी बघतो."

तो सीटवर बसला आणि त्याने दहा वेळा पेडल दाबून बघितलं. आवाज म्हणून नाही.

"तुझा जोरच नाय पडत," खाली उभा राहिलेला शिवा म्हणाला. "सव्वीस वर्षं दाबतोय मी. वडखळला गाड्यांच्या रांगेत अडकलं की तासाला दोनशे वेळा. ऊठ, ऊठ."

शिवा पुन्हा चढला. दोन्ही हातांनी दांडा धरून आधी उजवा पाय, मग मागून डावा ओढून घेत. या वेळी मिथुनने बॅटरी विझवली आणि हाताचा पंजा पेडलवर ठेवला. शिवाने दाबलं. कट्ट. हाताला काहीच लागलं नाही. मग त्याने हात वर सरकवला, घोट्यावर, नडगीवर, शेवटी गुडघ्यावर. कट्ट. पंजाखाली सुपारी फुटावी तसं काहीतरी हललं.

"काका, पाय काढा पेडलवरून. आता हवेतच दाबा."

"हवेत? हवेत काय क्लच हाय?"

"दाबा तर खरं."

शिवाने हवेत पाय दाबला. कट्ट.

त्याने मिथुनकडे बघितलं. मग त्याला खोटं पाडायचं म्हणून पुन्हा एकदा दाबला. कट्ट. ड्रायव्हर लोकांचं हे असंच. टायरमधली हवा कमी झाली तर यांना बसल्या जागी कळतं, स्वतःच्या अंगात काय चाललंय ते मात्र विचारू नका.

"दुखतो?" मिथुनने विचारलं.

"दुखतो की. ह्या वयात कोणाचा दुखत नाय?"

"घरी जिना चढताना वाजतो?"

"घरी जिना कुठाय?"

"मग खाली बसताना?"

"खाली बसतोय कोण? दोन वर्षं झाली, खुर्चीत जेवतो."

"अडकतो कधी?"

शिवा काचेवरची धूळ बघत राहिला. "परवा भिसे खिंडीत अडकला," तो म्हणाला. "उतारावर. पाय सरळच होईना. एक हात स्टिअरिंगवर, दुसऱ्याने गुडघा दाबला."

"गाडीत माणसं होती?"

"अडतीस."

मिथुनची बायको नम्रता याच गाडीने पॅकिंगच्या कामाला जायची, ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर बसून. आजही दीडच्या गाडीला ती असणार होती.

"बुशच खराब निघाली म्हणून सांग," शिवा हळूच म्हणाला. "मागच्या महिन्यात दत्तात्रेय ड्रायव्हरच्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला, तर शेठने तिसऱ्या दिवशी घरी बसवला त्याला. मला गाडी चालवण्याबिगर काय येतं रे?"

"काका, नम्रता असते गाडीत."

"व्हय. मला ठाव हाय."

तेवढ्यात मिथुनचा फोन वाजला. शेठच होते. मिथुनने ग्रीस लागलेल्या बोटाने फोन स्पीकरवर टाकला.

"मिळाला का आवाज?" शेठने विचारलं.

"मिळाला शेठ. ते काय झालं होतं..." मिथुनने शिवाकडे बघितलं. म्हाताऱ्याचा चेहरा बघवेना. "बुश होती ना, ती..."

शिवाला एकदम दमल्यासारखं झालं. आजचं नाही, सव्वीस वर्षांचं सगळं एकदम अंगावर आलं. त्याने मिथुनच्या हातातून फोन घेतला.

"शेठ, शिवा बोलतोय. क्लच चांगला हाय. वाजतो तो माझा गुडघा."

शेठ म्हणाले, "अरे, मग दीडची गाडी कोण नेणार?"

या प्रश्नाला शिवाचं उत्तर ठरलेलं असायचं. नागोठण्याला नदीचं पाणी रस्त्यावर आलं होतं तेव्हाही आणि पोरीच्या साखरपुड्याच्या सकाळीही तो हेच म्हणाला होता, मी हाय ना, शेठ. आताही तेच तोंडात आलं होतं.

"मी नाय, शेठ," तो म्हणाला.