सगळ्यांशी जमवून घेणारा ठिपका

बाळांनो, अशी एक सकाळ डोळ्यांसमोर आणा: शाळेची बस यायला वीस मिनिटं उरली आहेत आणि तुमची आत्या गणिताची प्राध्यापक आहे.

"वन्सं, आज बस चुकली तर तुम्हीच पोरीला पायी सोडून यायचं हं!" वहिनीने स्वयंपाकघरातून बजावलं.

आत्याने घाईघाईने अंथरुणात बसलेल्या भाचीपुढे कागद ओढला आणि प्रत्येक कामासाठी एकेक ठिपका काढला. "ज्या दोन कामांतलं कुठलंही आधी केलं तरी चालतं, त्यांना रेघेने जोडायचं. वेणी आणि मोजे, जोड. मोजे आणि बूट?"

"छे! बुटांवर मोजे कोण घालतं?"

"शहाणी गं माझी! आमच्या गणितात 'गट' असतात ना, त्यांतही क्रम बदलला तरी चालणाऱ्या जोड्या अशाच रेघांनी जोडून आलेख काढतात."

"मग सगळ्यांशी जोडलेला ठिपका कुठला?"

आत्या हरखूनच गेली. हा प्रश्न तिच्या एम.एस्सी.च्या वर्गात वर्षभरात कुणी विचारला नव्हता.

"काहीच न करणं! ते आधी कर की नंतर, काडीचाही फरक पडत नाही."



भाचीने समजूतदारपणे मान हलवली, पांघरूण डोक्यावरून ओढलं आणि त्याच ठिपक्यापासून सुरुवात केली.