रविवारी न चालणारी गोळी

सुरेशचंदने उंबऱ्याबाहेर पाय टाकला आणि पारसमलजी शिंकले.

"शिंक उनी! पोऱ्याले बसाडा, पाणी द्या," शेजारच्या भागाबाईंनी ओट्यावरून निकाल दिला.

सुरेशचंद निमूट परतला. पाणी झालं, चहा झाला, तोवर धुळे स्टँडवरून भुसावळची शेवटची एसटी गेली.

"दीपनगरला तुझे मित्र वाट बघत असतील रे," खांद्यावरची शाल सावरत पारसमलजी ओशाळून म्हणाले. मुलगा भुसावळजवळच्या त्या नव्या वीजकेंद्रात कारकून होता, दर रविवारी घरी यायचा. "आणि उद्या उशीर झाला म्हणून साहेब ओरडेल."

"ओरडू द्या, बाबूजी. शिंकेपुढे साहेब कोण?"

उभा जन्म कापडाच्या गाठी झटकण्यात गेल्यामुळे पारसमलजींचं नाक कायमचं नाराज झालं होतं. डॉक्टर बैसाण्यांची पहिली गोळी आठवडाभर अशी चालली, की नाक शेजाऱ्याचं वाटू लागलं. रविवारी संध्याकाळी मुलाने पाया पडून पिशवी उचलली, की शिंक हजर. दुसऱ्या गोळीने प्रवचनात झोप लागली. तशी ती आधीही लागायचीच. रविवारी पुन्हा शिंक.

"ही गोळी सरकारी नोकर आहे का, डॉक्टर? रविवारची सुटी घेते?"

बैसाण्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "शेटजी, राग मानू नका. पोरगा जाऊ नये म्हणून मुद्दाम तर शिंकत नाही ना?"

"आयुष्यात कधी खोटं माप धरलं नाही मी. खोटं शिंकेन?"

राग आला, कारण बोलणं अगदीच परकं नव्हतं. पत्नी सज्जनबाई गेल्यापासून त्या घरात सोमवार ते शनिवार फक्त घड्याळ बोलायचं. पोरगा राहिला तर कोणाला नको होतं? पण तरण्या पोराला दावणीला बांधायला तो काय गोऱ्हा होता? पारसमलजींनी सगळ्यांत कडक गोळी मागितली आणि रविवारी एकाऐवजी दोन घेतल्या.

संध्याकाळी सुरेशचंद पाया पडला. नेहमीसारखी शाल बापाच्या हनुवटीपर्यंत लपेटली.

"वारा सुटतो, बाबूजी."

धुळ्यात चैत्राचा वारा भट्टीतून सुटतो. पण मुलाची माया म्हणून पारसमलजी दर आठवड्याला मुकाट घाम गाळत.

सुरेशचंदने पिशवी उचलली. थांबला. चपलेचा पट्टा सोडला, पुन्हा लावला.

"बघ! नाक कसं गप्प!" पारसमलजी विजयाने म्हणाले.

"हो. लागू पडली." तो उंबऱ्याशी उभाच. "मग... निघू?"

"नीघ, नीघ. मित्र खोळंबले असतील."

"कोण? हां. मित्र."

तो गेला. भागाबाईही काही बोलल्या नाहीत. बोलण्यासारखं काही घडलंच नव्हतं.

पारसमलजींनी शाल काढून घडी घालायला झटकली. काठाच्या मुडपातून तपकिरी पूड धोतरावर सांडली. त्यांनी चिमटीत धरून पाहिली. तपकीर. या घरात तपकिरीला कधी कोणी शिवलं नव्हतं.

दर रविवारी ही शाल हनुवटीपर्यंत लपेटणारा हात एकच होता. मग अख्खी शाल नाकाशी धरून जिवाच्या आकांताने श्वास ओढला.

काही नाही. गोळी उत्तम चालत होती.

खिडकीतून दिसत होतं, सुरेशचंद अजून गल्लीच्या टोकालाच पोचत होता. ज्याची कुठेच कोणी वाट बघत नाही, असा माणूस चालतो तसा.

पारसमलजींनी खिडकीबाहेर डोकं काढलं आणि उभ्या जन्मात पहिल्यांदा खोटं शिंकले.