युसूफचा पाइप

ट्रॅक्टरनं ओढत आणलेली जुनी फियाट डोणगावात युसूफच्या गॅरेजसमोर थांबली, तेव्हा त्याची नजर आधी डाव्या दाराकडे गेली. दार आत चेपलं होतं. अपघाताच्या वेळी रुख्मिणीबाई त्याच बाजूला बसल्या होत्या.

मेहकरकडच्या उतारावर ब्रेकचं पेडल एकदम तळाला गेलं, पाइप फुटला, असं त्यांचे यजमान रंगराव सगळ्यांना सांगत आले होते. गाडी बाभळीवर आदळली. रंगरावांना खरचटलं, बाई जागीच गेल्या. मागच्या चाकांकडे जाणारा ब्रेक ऑइलचा पाइप त्याआधी युसूफनंच बदलला होता.

तेव्हापासून चहाच्या टपरीवर एक गंमत चालायची : युसूफकडे गाडी न्यायची तर कफन सोबत घ्या. गिऱ्हाईक तुटलं. युसूफला त्याचं इतकं नव्हतं. सांध्यात बसवायला पाइपचं तोंड फुलवताना आपल्या हातून चीर राहिली का, एवढंच त्याला कळायला हवं होतं.

रंगरावांनी पोलिसांत त्याचं नाव घेतलं नव्हतं. आता दुरुस्तीलाही गाडी त्याच्याकडेच आणली. माणूस देव आहे, असं गाव म्हणायचं.

"समदे पाइप नवे टाक," ते म्हणाले. "जुने मले दे. तू पाहत बसू नको, युसूफ. झोप उडून जाईन तुही. म्या माफ केलं तुले."



निघताना त्यांनी एक बजावलं. रुख्मिणी ज्या गाडीत गेली, त्या गाडीसमोर नारळ फुटेपर्यंत आत कोणी बसायचं नाही. युसूफनं मान डोलावली.

तो गाडीखाली शिरला. पाइप बोटांनी चाचपला. कुठंच ओल नव्हती. ब्रेकच्या तेलाच्या डबीतही तेल खुणेपर्यंत होतं. अपघातानंतर गाडी पोलिसांच्या आवारात उभी होती, तिथं कुणीतरी भरलं असावं, असं त्याला वाटलं. बारीक चीर दाबाशिवाय दिसत नाही; दाबलं की तेल गळतं आणि पेडल तळाला जातं. एकानं पेडल दाबायचं, दुसऱ्यानं खालून थेंब शोधायचा, ही गॅरेजातली रोजची पद्धत.

त्यानं बायकोला हाक मारली. अजीजुन्निसा आत बसायला तयार होईना. रंगरावांनी एवढ्या विश्वासानं सांगितलंय, नारळ तरी फुटू दे, असं तिचं म्हणणं.

"मले एकदा ते भोक पाहू दे," तो म्हणाला. "नाही तं मी पुन्हा पान्याले हात लावू शकत नाही."

ती ओढणी सावरून सीटच्या काठावर बसली. युसूफ बॅटरी घेऊन पुन्हा खाली गेला.

"दाब."

पाइप कोरडा. त्यानं सांध्याला बोट लावलं. कोरडंच.

"जोरानं दाब. तळाला जाऊ दे."

वर सीट करकरली.

"दोन्ही पायानं दाबून राह्यली," अजीजुन्निसा म्हणाली. "दगडावानी घट्ट हाय. खाली जातच नाही."