दिव्यासमोरची जागा

"गुण नाही," डॉ. हर्षा म्हणाल्या. "दिवा आणून महिना झाला, आणि मयुरी होती तिथेच आहे."

नागपूरच्या सदर भागातल्या त्यांच्या दवाखान्यात टेबलापलीकडे तिघे बसले होते: मयुरी, तिचा नवरा पंकज आणि सासू कौसल्याबाई. तान्हे मूल सासूच्या मांडीवर होते. बाहेर एप्रिलचे ऊन होते. तरीही मयुरीचे कान रुमालाने घट्ट बांधलेले होते. दाराशी लेकराच्या कपड्यांची पिशवी ठेवली होती. इथून ते सरळ उमरेडला, पंकजच्या बहिणीकडे जाणार होते. "लेकरू कुसुमताईले देऊन टाका, माह्याजवळ त्याचं भलं नाही," असे मयुरीने काल स्वतःच सांगितले होते, आणि घराने ते मान्य केले होते.

निदान स्पष्ट होते: बाळंतपणानंतरचे नैराश्य. अंगावर पाजतानाही चालतील अशा गोळ्या आहेत, हे डॉ. हर्षांनी पहिल्याच भेटीत समजावले होते. दुधात औषध उतरेल म्हणून घराने नकार दिला. मग त्यांनी प्रखर प्रकाशाचा दिवा सुचवला. या उपचाराविषयी त्यांचे मत मोजके होते: पुरावा थोडा, अपाय त्याहून थोडा. नागपुरात उजेड विकत आणायला सांगणे त्यांनाही विचित्र वाटले होते. पण बाळंतिणीच्या खोलीची खिडकी कोणी उघडणार नव्हते, हे त्यांना ठाऊक होते.

"रोज लावत होता ना?"

"मी तं पहाटेच कंपनीच्या बसनं हिंगण्याले जातो, मॅडम," पंकज म्हणाला. "आईले सांगून ठेवलं होतं, सकाळी अर्धा तास दिवा लावायचा म्हणून."

"एक दिवस खाडा नाही केला," कौसल्याबाई दुखावल्या स्वरात म्हणाल्या. "माह्या फोनात इडिओ काढून ठेवला हाये मी. हा म्हणे, डॉक्टर विचारतीन. दाखव गा पंकज."

पंकजने आईचा फोन पुढे केला. डॉ. हर्षांनी व्हिडिओ पाहिला. मग पुन्हा पाहिला.

दिव्याच्या पांढऱ्या झोतात मूल उताणे झोपले होते. त्याच्या डोळ्यांवर फडक्याची स्वच्छ घडी बांधलेली होती. खोलीच्या मधोमध एक जाड पडदा होता. त्याच्या पलीकडे, अंधारात, मयुरी भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"काकू, दिव्याखाली बाळ का?"

"मंग कोण? लाइट तं लेकरालेच देतेत. जन्मला तवा कावीळ झाली होती याले, दवाखान्यात असंच डोळे बांधून ठेवलं होतं. ते उलटू नये म्हणूनच सांगितलं ना तुम्ही?" त्या थांबल्या. "अन् बाळंतिणीले उजेड लागला तं पुढं डोळे जातेत. म्हणून पडदा लावला मी."

"आई, दिवा मयुरीसाठी होता!" पंकज म्हणाला.

"तसं सांगितलं काय तू मले?"

त्याने सांगितले नव्हते. त्या घरात डॉक्टरची प्रत्येक गोष्ट लेकरासाठीच असे. वेगळे सांगण्याची गरज त्याला वाटली नव्हती. डॉ. हर्षांनी फोन परत केला. जो उपचार झालाच नव्हता, तो निष्फळ ठरल्याचे त्या आत्ताच जाहीर करून बसल्या होत्या. एक प्रश्न मात्र उरत होता. पहिल्या भेटीत कौसल्याबाई नव्हत्या, पण मयुरी याच खुर्चीवर बसून सगळे ऐकत होती.

"मयुरी, दिवा तुझ्यासाठी आहे, हे तुला माहीत होतं?"

मयुरीने होकारार्थी मान हलवली.

"मग बोलली का नाहीस?"

मयुरीने हनुवटीखालची रुमालाची गाठ आणखी आवळली.

"दिवा एकच हाये ना, मॅडम," ती म्हणाली. "लेकरावरचा काढून मी घेऊ काय?"

कौसल्याबाईंनी मूल एका हातावर घेतले. दुसऱ्या हाताने त्या मयुरीच्या हनुवटीखालची रुमालाची गाठ सोडू लागल्या. गाठ घट्ट होती; वेळ लागला.

"पंकज, कुसुमले फोन लाव. येत नाही म्हण," त्या म्हणाल्या. मग सुनेकडे वळल्या.

"उद्यापासून लेकराले घेऊन पडद्यामागं मी बसीन. तू दिव्यापाशी बस वं."