पानावरचा कप

दुधात कोको घोटून वृंदाने जायफळ किसलं. तिच्या नऊ वर्षांच्या लेकीला जाऊन आज वर्ष झालं होतं. श्राद्धाच्या पानावर खीर-वड्यांशेजारी तिचं आवडतं हॉट चॉकलेटही ठेवायचं होतं.

गोडी बघायला वृंदाने चमचा ओठांशी नेला, तशा सासूबाई कडाडल्या, "अगं, उष्टं करशील! पान वाढायच्या आधी चाखतात का कुणी?"

तिने चमचा खाली ठेवला. साखरेचं माप हाताला ठाऊकच होतं. पण कपातून वाफा निघत होत्या. तिचं पाऊल पानाकडे वळेना. पहिला घोट स्वतः घेतल्याशिवाय तिने लेकीच्या हाती कप कधी दिलाच नव्हता.

वृंदाने कप तोंडाला लावला.

"वृंदा!"

"तोंड पोळेल हो तिचं."

सासूबाई पुढे झाल्या. मग कप हातात घेऊन त्यांनीही घोट घेतला. "कढतच आहे गं अजून," त्या म्हणाल्या आणि फुंकर घालू लागल्या.