शनिवारचा उपास

सोमवार होता, गुरुवार होता, आता वत्सलानं शनिवारही धरला. देऊळघाटच्या बाया तिच्या भक्तीचं कौतुक करत, पण तिची सासू सत्यभामाबाई पार वैतागली होती. सून वाळून चिपाड झालेली, अंगावरचं दूध आटलेलं, अन् तान्हा नातू भुकेनं घर डोक्यावर घेत होता. तिनं भाकरीचं ताट सुनेपुढं आदळलं.

"लेकराले उपाशी ठेवून कोणता देव पावणार हाय वं तुले?"

"देवासाठी नाही, आत्याबाई," वत्सला मान खाली घालून म्हणाली. "उपासाच्या राती हे जवळ येत नाहीत. बाळंतपणापासून ते जवळ आले की आत लई दुखते."

"मंग त्याले सांगता येत नाही?"

"सांगतलं. म्हणे, सगळ्या बायायचं दुखते."

सत्यभामाबाईनं कपाळावर हात मारला. "जेव आधी. परवा बुलढाण्याले डॉक्टरीणबाईकडं जाऊ. याच्यावर औषध असते."

मग ती उठली आणि मुलाची वळकटी आणून तिनं ओसरीवर टाकली.

"हे काऊन, माय?" उकंडानं विचारलं.

"तिचं दुखणं जाईपर्यंत उपास आता तुले."