तीस वर्षांचा विचार

वरवट बकालला तेलाचा कारखाना काढावा की नाही, यावर एक बडी कंपनी तीन हिवाळे नुसता विचारच करत होती. साहेब लोक गाडी भरून यायचे, विहिरीत डोकावायचे, माती चिमटीत धरून बघायचे आणि दुपारी सरपंच पंजाबरावांच्या घरी अन्नपूर्णाबाईंच्या हातचं वांग्याचं भरीत बोटं चाटून खायचे. निघताना मोठे साहेब ढेकर देत सांगायचे, "तीस वर्षांची गुंतवणूक आहे, अजून थोडा अभ्यास लागेल."

वांगी भाजून भाजून अन्नपूर्णाबाईंचा जीव मेटाकुटीला आला होता. या खेपेला त्यांनी पाहुण्यांच्या ताटात बिनमिठाचा उकडलेला दुधीभोपळा वाढला.

"अवं, भरीत काऊन नाही केलं?" पंजाबराव दातओठ खात कुजबुजले.

"भरीत आता कारखान्याच्या भूमिपूजनालेच," बाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

मोठे साहेब ताटावरून उठले आणि मुंबईला फोन लावायला अंगणात गेले.



परत आले ते हात पुसतच. "ताई, मंजुरी मिळाली. भूमिपूजन उद्याच ठेवलं तर चालेल?"